सरावातलं खरं पाप

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पोटात काही राहत नाही, हे मला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी कळलं. आदल्या संध्याकाळी मी त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं होतं, की मला सासूबाईंची जरा भीती वाटते. सकाळी चहाच्या टेबलावर सासूबाईच मला म्हणाल्या, "घाबरायचं काही कारण नाही हो, मी खात नाही कुणाला." जाऊबाई पलीकडे पावाला लोणी लावत निवांत बसल्या होत्या. आपण धाकट्या जावेचं काम सोपं केलं, असंच त्यांना वाटत होतं.

वाईटपणा औषधालाही नाही. पण एखादी गोष्ट कानात शिरली की ती तोंडातून बाहेर पडेपर्यंत बाईंना चैन पडत नाही. आणि धंदाही असा मिळाला, की त्यात हा दोष गुण ठरला. जाऊबाई केस कापतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर आहे: दोन खुर्च्या, एक बेसिन, आणि केस वाळवायचं एक जुनं टोपडं, जे डावीकडूनच तापतं. बेसिनपाशी मी असते. डोकी धुवायची आणि खाली पडलेले केस झाडायचे, हे माझं काम.

हा धंदा त्यांना त्यांच्या मावशीनं शिकवला. मावशीचा पहिला धडा कात्री धरायचा नव्हताच. "कात्रीबरोबर तोंड चालू ठेव," मावशी सांगायची. "नाहीतर गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघत बसतं आणि चुका काढतं." जाऊबाईंनी हे मनावर घेतलं. पुढे माझे मोठे दीर अचानक गेले, पदरात दोन मुलं, आणि त्या दोघांची शिक्षणं-लग्नं याच खुर्च्यांवर आणि याच बोलण्यावर झाली. बायका केस कापायला येत, पण अर्ध्या जणी बातम्यांसाठी येत. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणाच्या मुलानं नोकरी सोडली. नाव घ्यायचं नाही, हा जाऊबाईंचा नियम. "एका घरात" असं म्हणून त्या सुरुवात करायच्या आणि आपण फार जपून बोलतो, अशी त्यांची समजूत होती.

चर्चच्या मागे आमची प्राथमिक शाळा आहे. जाऊबाई तिथेच शिकल्या, त्यांची मुलंही. त्या शाळेत दुसरीतल्या मुलांचं पहिलं पापनिवेदन असतं. म्हणजे आपण केलेल्या चुका चर्चमध्ये फादरना सांगायच्या, देवाची क्षमा मागायची, आणि मग ज्याला दुखावलं त्याच्याकडे आपणहून जाऊन समेट करायचा. चर्चच्या कोपऱ्यात त्यासाठी जाळीचं एक लाकडी खोकं आहे. मुलं त्याला 'कपाट' म्हणतात. कपाटात सांगितलेलं फादर कुणाला म्हणून सांगत नाहीत, जीव गेला तरी.

शाळेच्या मोठ्या सिस्टरांच्या डोक्यात आलं, की हे सगळं शिक्षकांनीच का करायचं? धर्मग्रामातल्या, म्हणजे या चर्चला येणाऱ्या, माणसांनीही हातभार लावावा. मग निवृत्त पोस्टमन मुलांबरोबर वाचायला बसू लागला, नळदुरुस्तीवाला शाळेचे नळ बघू लागला. आणि पापनिवेदनाचा सराव घ्यायला सिस्टरांनी निवडलं आमच्या जाऊबाईंना. कारण साधं होतं. त्या दरवर्षी या मुलांचे केस फुकट कापायच्या आणि मुलं त्यांच्याशी मोकळेपणानं बोलायची.

सराव असायचा खेळाच्या सामानाच्या खोलीत. एका बाजूला फुटबॉलची जाळी, दुसरीकडे दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, मध्ये बॅडमिंटनचं नेट टांगलेलं. नेटच्या एका बाजूला जाऊबाई स्टुलावर, दुसऱ्या बाजूला मूल गुडघ्यावर. मुलं त्यांना 'खोट्या फादर' म्हणायची आणि त्या खूश व्हायच्या. सिस्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मुलांनी पापं खोटीच सांगायची, बनवून. आणि चुकून कुणी खरं सांगायला लागलंच, तर लगेच थांबवायचं. "हे खऱ्या फादरांसाठी ठेव, बाळा," एवढंच म्हणायचं.

पहिले काही दिवस मजेत गेले. कुणी बोक्याच्या मिशा कापल्या, कुणी शाळेला आग लावली, एकानं तर बिशपांना चिमटा काढला होता. जाऊबाई प्रत्येकाला गंभीरपणे एक प्रार्थना म्हणायला सांगायच्या आणि घरी येऊन मला हसत हसत सगळं ऐकवायच्या.

मग एक मुलगी आली. जाऊबाई तिला झिपरी म्हणायच्या, कारण कितीही कापले तरी तिचे केस डोळ्यांवर यायचेच. झिपरी नेटपाशी गुडघे टेकून बसली आणि नेटच्या भोकांत बोटं अडकवत राहिली. मग म्हणाली, "मी आजीचे दात कचऱ्यात टाकले."

जाऊबाईंना वाटलं, वा, काय पाप बनवलंय! पण झिपरीचा आवाज बनवलेला नव्हता. इथेच त्यांनी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. उलट नेटला कान लावून विचारलं, "का गं?"

आणि झिपरीनं सगळं सांगितलं. तिची आजी चर्चमध्ये गाणं म्हणायची ती सगळ्यांच्या वरच्या पट्टीत आणि सगळ्यांच्या एक ओळ पुढे. वर्गातली मुलं तिची नक्कल करायची. शाळेत आजी-आजोबांचा दिवस जवळ आला होता, आणि त्या दिवशी आजी वर्गात बसून गाणार होती. म्हणून आदल्या रात्री झिपरीनं पेल्यातली आजीची कवळी उचलून बुटात लपवली. बिनदातांची आजी येणार नाही, एवढाच तिचा हिशेब. आजी आली नाही. पण घरात शोधाशोध सुरू झाली, झिपरीची पाचावर धारण बसली, आणि तिनं कवळी कचऱ्याच्या पिशवीत टाकून दिली. आजीनं आळ घेतला सुनेवर. सूनबाईंनी पेला धुताना दात ओतून दिले म्हणे! तेव्हापासून आजी आणि झिपरीची आई एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकाच टेबलावर बसून दोघी मिठाचं भांडं झिपरीकडून मागायच्या.

"मी कपाटात सांगणार आहे," झिपरी म्हणाली. "मग आजीला सांगणार आहे. मग आईला. मावशी, आजीला कसं सांगू?"

जाऊबाईंनी तिला जवळ घेतलं, धीर दिला, हे खरं आहे. डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईच्या डोक्याला रंग लावता लावता त्यांनी तोंड उघडलं. "काय सांगू तुम्हाला! एका घरात ना, नातीनंच आजीचे दात पळवले!"

गोष्ट होतीच तशी. बाई रंगाचा फडका सांभाळत हसून हसून वाकडी झाली. मलाही हसू आलं. नाव जाऊबाईंनी घेतलं नव्हतं. पण त्यांच्या लक्षात एवढीही गोष्ट आली नाही, की कवळी हरवल्याचं गाऱ्हाणं झिपरीच्या आजीनं याच खुर्चीत बसून, याच आरशात बघत, सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं. सबंध धर्मग्रामात दात हरवलेली आजी एकच होती. मी बेसिनपाशी हात पुसत होते. "जाऊबाई," मी हळूच म्हटलं, "पुरे आता." "अगं, कुणाचं नाव घेतलंय का मी?" त्या म्हणाल्या. दुपारपर्यंत तीच गोष्ट त्यांनी दोन्ही खुर्च्यांवर सांगितली, दर वेळी थोडं तिखटमीठ जास्त.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बभ्रा झाला. गायनवृंदातला एक ढेरपोट्या गृहस्थ आजीला म्हणाला, "दात जपून ठेवा हो, चोर घरातच आहे!" आजीला कळलं नाही. बिचाऱ्या आधी हसल्या, नव्या सैल कवळीवर हात धरून. मग त्यानं समजावून सांगितलं. त्या माणसाला तरी काय बोलायचं? त्याला ती गंमतच वाटत होती.

आत मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली. पहिलं गीत लागलं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळे बरोबर एका वेळी, एका पट्टीत गात होते. पुढे कुणीच पळत नव्हतं. आजी तिसऱ्या बाकावर ओठ मिटून उभ्या होत्या. शेजारी झिपरी जमिनीकडे बघत होती. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं, कारण पुस्तक उलटं धरलं होतं बाईंनी.

सोमवारी शाळेत मुलांनी झिपरीला बघून दातांवर दात आपटायला सुरुवात केली. खट खट खट. आणि मंगळवारी मोठ्या सिस्टर पार्लरमध्ये आल्या. डोक्यावर वस्त्र घेतलेल्या सिस्टर केस कापायच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा एरवी आम्ही हसलो असतो.

"ती कपाटात जायला तयार नाही," सिस्टर म्हणाल्या. "मला म्हणाली, आत सांगितलेलं बाहेर येतं."

जाऊबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"मी रागवायला आले नाही. चूक माझीही आहे, मी तुम्हाला तिथे बसवलं. पण तिचं पहिलंच पापनिवेदन आहे हो. पहिल्याच वेळी तिला कळलं, की माणसं हे असं करतात."

सिस्टर गेल्या. जाऊबाईंनी पार्लरचा दरवाजा लावून घेतला आणि खुर्चीत बसून राहिल्या, आरशाकडे पाठ करून. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना. मग म्हणाल्या, "पण बघ, निदान सासूसुनांचं तरी जुळलं. सुनेनं दात टाकले नव्हते, हे तरी आजीला समजलं."

माझं डोकं फिरलं. थोरली जाऊ असली म्हणून काय झालं? "ते झिपरी जुळवणार होती," मी म्हटलं. "तिचं होतं ते. तिनं आजीच्या कुशीत शिरून सांगितलं असतं, तर आजीला आधी नात दिसली असती. आता आधी तो ढेरपोट्या दिसला."

त्या रडायला लागल्या. मी पाणी दिलं, पण शब्द मागे घेतला नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी आजीच्या घरी गेलो. दार सुनेनं उघडलं. कानकोंडी होऊन म्हणाली, "आई झोपल्यात." आतला पडदा अर्धा सरकलेला होता आणि आजी खुर्चीत ताठ बसलेल्या आम्हाला स्वच्छ दिसत होत्या. आतूनच त्या मोठ्यानं म्हणाल्या, "गाढ झोपलेय म्हणून सांग." सुनेच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, तिनं ते गिळलं, आणि दार हळूच लावलं. आम्ही पायऱ्या उतरलो. जाऊबाईंचा एक हात कठड्यावर होता आणि दुसऱ्यात एक केक होता, स्वतः भाजलेला. तो आम्ही परत घरी आणला. कुणी खाल्ला नाही.

पुढच्या दिवसांत पार्लर चालू होतं, पण कात्रीचाच आवाज. जाऊबाई गिऱ्हाइकाशी नेहमी आरशातून बोलायच्या, आता त्यांची नजर मानेवरून वर जाईना. बायका विचारायच्या, "काय हो, बरं नाही का?" एकदोघींनी तर दातांच्या गोष्टीचं पुढे काय झालं, तेही विचारलं. जाऊबाईंनी त्यांचे केस कापले आणि झटकून दिले, बस.

पापनिवेदनाच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा होती. कुणी चहा करायचा, कुणी बाक लावायचे, हे ठरायचं होतं. आजी नव्हत्या, झिपरीचे आईवडील होते. सिस्टरांनी विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का, आणि जाऊबाई उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"मला सगळ्यांसमोर माफी मागायचीय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून एक फार मोठी चूक झाली. सरावाला एका मुलीनं मला..."

मी त्यांचा हात धरून जोरात खाली ओढला. "बसा!" मी कानात म्हटलं. "ज्यांना अजून माहीत नाही, त्यांनाही सांगणार का आता?"

त्या मटकन बसल्या. हॉलमध्ये सगळे त्यांच्याकडे बघत होते. समोरच्या रांगेत झिपरीच्या आईनं पदरातलं काही सांडू नये तशी पर्स पोटाशी घट्ट धरली होती. तेव्हा जाऊबाईंना कळलं, की त्यांना माफीसुद्धा मागता येणार नाही. माफी मागायची तर गोष्ट पुन्हा सांगायला लागणार होती. एकच करण्यासारखं होतं, गप्प बसणं, आणि ते केलेलं कुणाला दिसत नाही. मला तेव्हा त्यांची फार दया आली.

पापनिवेदनाच्या दिवशी चर्चमध्ये एकेक मूल उठून कपाटात जात होतं, बाहेर आल्यावर आपल्या माणसांकडे धावत होतं. एका मुलानं भावाची माफी मागता मागता त्याला पुन्हा एक चिमटा काढला. आम्ही दोघी मागच्या दारापाशी शेवटच्या बाकावर होतो. झिपरी आपल्या रांगेत मांड्यांखाली हात दाबून बसली होती. तिची पाळी आली, गेली. सिस्टरांनी तिला हाक मारली नाही. सगळी मुलं संपली, फादर कपाटातच थांबले.

मग झिपरी उठली आणि चालत चालत थेट आमच्या बाकापाशी आली.

"मावशी, तू किती जणांना सांगितलंस?"

जाऊबाई म्हणाल्या, "मोजलं नाही गं. पुष्कळ."

"का?"

"लोक हसत होते. मला ते आवडत होतं."

मी जाऊबाईंकडे बघतच राहिले. इतकं खरं त्या कधी बोलल्या नव्हत्या, निदान स्वतःबद्दल.

"फादर पण सांगतील?"

"नाही. फादर सांगत नाहीत. सांगितलं ते मी. चूक माझी आहे, कपाटाची नाही."

"तुला काय माहीत?" झिपरी म्हणाली. "तू आत होतीस?"

दीर गेल्यापासून जाऊबाई त्या कपाटाकडे फिरकल्या नव्हत्या. पापं करायला मला वेळ कुठे मिळतो, असं चेष्टेनं म्हणायच्या.

"मग तू आधी जा," झिपरी म्हणाली.

जाऊबाई उठल्या. सगळ्या आईबापांसमोरून, मुलांसमोरून, तिसऱ्या बाकावरच्या आजींच्या अगदी शेजारून, त्या कपाटापर्यंत गेल्या आणि गुडघ्यावर बसल्या. फार वेळ लागला. बाकांवर चुळबुळ सुरू झाली. त्या परत आल्या तेव्हा डोळे सुजले होते आणि नाक लाल झालं होतं.

झिपरी तिथेच उभी होती. "काय म्हणाले फादर?"

जाऊबाईंचं तोंड उघडलं. मी पाहिलं ना, सवयीनं उघडलं ते. आणि मिटलं.

"ते नाही सांगणार," त्या म्हणाल्या.

दूध उतू जाईल का म्हणून आपण भांड्याकडे बघत राहतो, तशी झिपरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. काहीच बाहेर आलं नाही. मग तिनं डोळ्यांवरचे केस मागे सारले आणि कपाटाकडे गेली.

बाहेर आल्यावर ती आजीजवळ गेली आणि आजीच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही. आजीनं तिला इतकं घट्ट धरलं, की नवी कवळी सैल होऊन वाजली, आणि मग तिघी, आजी, सून आणि नात, एकमेकींना धरून हसत होत्या की रडत होत्या, मागून कळत नव्हतं.

चहाला जाताना सगळे आमच्या बाकाजवळच्या मागच्या दारातूनच बाहेर पडले. आजी आल्या, सुनेचा हात धरून. जाऊबाईंपाशी थांबल्या. त्यांचे केस नुकतेच कापलेले दिसत होते. मागून एक बाजू वर, एक खाली, कानापाशी तर कुरतडल्यासारखे. तो कात्रीचा हात कोणाचा होता, हे सुनेच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं.

असे केस बघून जाऊबाईंचे हात शिवशिवतात. अनोळखी बाईलासुद्धा रस्त्यात थांबवून त्या बोलल्या आहेत. आता त्या म्हणाल्या, "छान कापलेत."

"छान कुठले?" आजी म्हणाल्या. "चांगले वाकडे कापलेत. पण ती कुणाला काही सांगत नाही."

जाऊबाईंनी मान खाली घातली आणि दारातून बाजूला सरून त्यांना वाट दिली.